पाहुण्याला कोणी शिवी देत नाही

जागा बघून देणं हे माझं काम आहे असं सांगितलं, की समोरच्याला आधी मी दलाल वाटते. मग तो माझ्याकडे नीट बघतो आणि त्याचा विश्वास बसत नाही. दलालाला बोलता यावं लागतं. मला अजून नीटसं येत नाही.

पुण्यात पूर आला त्या वर्षी मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. घरी मराठी, पण आमच्या घरी मुळात कोणी फार बोलत नसे. नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली, त्या माणसांसाठी एक मदत समिती उभी राहिली. परदेशातून येणाऱ्या पत्रांना इंग्रजीत उत्तरं लिहायला कोणीतरी हवं होतं म्हणून मला घेतलं. पत्रं लवकरच संपली. समितीचं काम बघणाऱ्या दीक्षितबाई म्हणाल्या, "आता तू पौडकडची गावं बघ. ज्यांना शहरात जागा मिळत नाही त्यांचं तिकडे काही जमतं का पाहू."

"मला खेड्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"मग विचारशील," त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला.

पूरग्रस्तांची सोय लागली तरी काम संपलं नाही. बदलीवर आलेले मास्तर यायला लागले, डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितलेली माणसं यायला लागली, वाटण्या होऊन घराबाहेर पडलेले धाकटे भाऊ यायला लागले. बिऱ्हाड कुठं न्यावं हा प्रश्न घेऊन माणूस आला, की त्याला माझ्याकडे पाठवायची पद्धत पडली.

काम तसं साधं आहे. खोली शेवटी बघायची. आधी विहीर. विहिरीत डोकावून उपयोग नसतो, कारण दिवाळीच्या सुमारास मुळशीतली प्रत्येक विहीर भरलेलीच असते. पोहऱ्याचा दोर बघायचा. खुंटीवर वेटोळं जाडजूड दिसलं तर समजावं, वैशाखात पाणी फार खाली जातं. पश्चिमेच्या भिंतीला गवताची झापं बांधायच्या खुंट्या असल्या, तर पाऊस तिरपा मारतो. एसटी दिवसातून किती वेळा येते हे विचारू नये, श्रावणात किती वेळा येते ते विचारावं. शाळा कितवीपर्यंत आहे हे सगळेच विचारतात. मास्तर गावातच राहतात का, हे मी विचारते. आणि भाड्याचं बोलणं मालकाशी झालं तरी चालतं, पण बाकी सगळं मालकिणीशी बोलावं. घर तिचं असतं.

मी बोलत नाही म्हणून लोक माझ्याशी बोलतात, हे मला या कामात कळलं. मी ओसरीवर बसते. आतून कप-बशी येते. घरात एकच जोड असला तरी तो फळीवरून काढून, पदरानं पुसून मला देतात, आणि बाकी सगळे जर्मनच्या भांड्यातून चहा पितात. मी गप्प असते. मग ती शांतता त्यांनाच सोसवत नाही, आणि विहिरीचं, भावकीचं, सुनेचं, सगळं बाहेर येतं.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक आजी होत्या, त्यांनी कुठल्याही गावात गेलं की एवढंच विचारायचं, "इथं कावळे येतात का?" श्राद्धाच्या पानाला कावळा शिवायला हवा, बाकी काही का असेना. त्यांच्यासाठी मी बावधनला अर्धा दिवस झाडांकडे बघत उभी होते. एका गृहस्थांना लवळं फार आवडलं, डोंगर, हवा, शांतता. बायकोनं फाट्यापासून वर चढेपर्यंत एक शब्द काढला नाही. वर पोचल्यावर म्हणाली, "छान आहे. तुम्ही राहा." काही जागा माझ्या चुकल्यासुद्धा. त्या घरांवरून एसटी गेली की अजून मी दुसऱ्या खिडकीतून बघते.

पण मला सांगायचं आहे ते रामभाऊंबद्दल.

रामभाऊ पुण्यात टांगा चालवत. पुढं दोन्ही डोळे गेले, टांगा विकला. पण टांग्यांच्या अड्ड्यावर जाणं सुटलं नाही. काठी घ्यायची, गल्लीतून निघायचं, अड्ड्यावर जुन्या सोबत्यांत बसायचं आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. रोज, एकट्यानं. मग पूर आला. घर गेलं, गल्ली गेली, मुलाचं सायकलींचं दुकान गेलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळेच्या वर्गात. साड्यांचे पडदे लावून चार कुटुंबं तिथं राहत होती. रामभाऊ फळ्याखाली भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या सूनबाई, कुसुमवहिनी, मला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"ताई, खोली लहान असू दे, गळकी असू दे. फक्त मामंजी पुन्हा आपलेआपण उठून बाहेर गेले पाहिजेत. इथं आल्यापासून ते उठलेले नाहीत. बसून राहिले तर जातील ते."

म्हणजे मला एक रस्ता शोधायचा होता. आंधळ्या माणसाला एकट्यानं जाता येईल असा, आणि ज्याच्या टोकाला बसायला काहीतरी आहे असा. लवळं चढाचं. पिरंगुटला खोली चांगली होती, पण दारातून निघालं की मोठा रस्ता आणि त्यावरून मालाचे ट्रक. पौडला एक गल्ली सापडली. तुकाराम आबांच्या घराला लागून मागची दोन खणांची खोली, तिथून गल्ली सरळ पाराशी जात होती, आणि पारापासून एसटी स्टँड जवळ. वाटेत वळण नाही, आड नाही. शिवाय स्टँडजवळ भाड्यानं सायकली देणारं दुकान कुणाचंच नव्हतं.

गल्ली खरंच सोपी आहे का, हे बघायचा मला एकच मार्ग सुचला. भर दुपारी, कोणी नाहीसं बघून, मी डोळे मिटले आणि एका हाताने भिंत चाचपत चालायला लागले. निम्म्या वाटेवर कोणीतरी माझा दंड धरला.

"अगं बया, बाईला भवळ आली जणू! तुमी बसा आदी. पानी आणू का?"

त्या आबांच्या मालकीण, हौसाबाई. मला लाज वाटून काही सुचेना. मी खरं ते सांगितलं. एक आजोबा राहायला येणार आहेत, त्यांना दिसत नाही, त्यांना इथून एकट्यानं जाता येतं का ते बघत होते. हौसाबाईंनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही.

"दिसत न्हाई? आरं द्येवा. तुमी काळजीच करू नगा बाई. आमी हाय की."

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलं होतं.

मार्गशीर्षात बिऱ्हाड हललं. रामभाऊंच्या मुलानं, दत्तोबानं, चार जुन्या सायकली घेऊन स्टँडजवळ दुकान टाकलं, आणि ते पहिल्या बाजारापासूनच चाललं. मुलं शाळेत जायला लागली. महिन्याभरानं मी गेले तर रामभाऊ दारात भिंतीला टेकून बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"येऊन बोलत न्हाई म्हंजे समितीची पोरगी," ते म्हणाले. "बस."

थोड्या वेळानं ते काठी चाचपत उठले. ते उठले तशा तीन ओसऱ्यांवरची माणसं उठली. तुकाराम आबा सगळ्यांत जवळ होते. उंच, मोठ्या मिशांचे, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी पायऱ्या उतरून रामभाऊंचा दंड धरला.

"कुटं निगालं पाव्हणं? चला, मी बी तिकडंच निगालोय."

"मला कुटं जायचंय ते मी अजून सांगितलं न्हाई."

"मग तर सोबत पायजेच की."

पारापर्यंत आबांनी त्यांना नेलं. तिथून परत येताना एका शेजाऱ्यानं दुसरा हात धरला. खाचखळगा आला की दोघं मिळून त्यांना उचलायचंच बाकी ठेवत. पारावर त्यांच्यासाठी जागा सोडलेली, खाली घोंगडी घातलेली. कोणी थट्टामस्करी करत असलं तर ते आले की थांबायचं. "पाव्हणं बसलेत" म्हणून आवाज उतरायचे. मला ते सगळं फार चांगलं वाटलं. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र लक्षात आलं, की रामभाऊंची काठी सबंध वेळ आबांच्या काखेत होती.

पुढच्या खेपेला ते उठलेच नाहीत. मला म्हणाले, "पोरी, त्या शाळेत भिंत होती. हितं माणसं हायेत. भिंतीला शिवी तरी हासडता येती."

मी हौसाबाईंशी बोलून पाहिलं. असं बोलणं मला किती जड जातं ते इथं सांगत नाही. मी म्हटलं, "आजोबांना थोडं एकट्यानं जाऊ द्याल का? पुण्यात ते जायचे."

"पुण्यात जायचं, कारन पुण्यात इचारतंय कोन?" त्या म्हणाल्या. त्यांना लागलं होतं. "आमी काय मानसं न्हाई व्हय? उद्या म्हातारं माणूस पडलं, तर आमच्या गावात पाव्हणं पडलं म्हंतील. त्यो डाग कुनी घ्यावा?"

त्यांचं खरंच होतं. मी कप-बशी रिकामी करून परत दिली.

माघ संपताना कुसुमवहिनी स्वतः पुण्याला आल्या. त्या समितीच्या बाकावर बसल्या आणि आधी बराच वेळ पौडचं चांगलंच सांगत राहिल्या. हौसाबाई भाजी देतात, आबांनी छपराला कौलं घातली, मुलांना कोणी परकं मानत नाही. मग म्हणाल्या, "ताई, दुसरी जागा बघा. माणसं वाईट असली तरी चालतील."

"दुकान?"

"ह्यांना मी विचारलं. म्हणाले, दुकान एकदा वाहून गेलं होतं, आता उचलून नेऊ." उठता उठता त्या म्हणाल्या, "मामंजी आता एकच भाकरी खातात."

चालू लागलेलं दुकान सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे दत्तोबाला किती महाग पडणार ते मला दिसत होतं. पण दुसरं काय करणार? मी कोथरूडला गेले. तिथं एक खोली मिळाली. घरमालकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता किल्ली काढून दिली. कोण राहणार, किती जण, काही विचारलं नाही. शेजारची बाई दारात उभी होती, मला बघून आत गेली. मला वाटलं, जमलं. ही जागा रामभाऊंसाठीच आहे.

शिमगा झाला की हलायचं ठरलं. हौसाबाईंना अजून सांगितलं नव्हतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी किल्ली पर्समध्ये घालून पौडच्या गाडीत बसले.

स्टँडवर उतरले तर समोरून रामभाऊ येत होते. एकटे. कपाळाला अजून राख होती. काठी डावी-उजवीकडे आपटत, मान जरा तिरकी करून, ते पाराकडून आले आणि दत्तोबाच्या दुकानाकडे वळले. वळताना एका उभ्या बैलगाडीच्या जूला त्यांचा गुडघा आपटला. मी पाऊल उचललं. हॉटेलाच्या बाकावर चार माणसं बसली होती, त्यातलं कोणी हललं नाही.

"कुणाची रं गाडी ही? मधी का लावली, बापाचा रस्ता हाय का?"

"गाडी माजी हाय," बाकावरचा एक म्हणाला. "रस्ता बी बापाचाच हाय. सरका तिकडनं."

रामभाऊंनी गाडीला काठीनं दोन तडाखे दिले आणि ते सरकून पुढं गेले. बाकावरच्या त्या माणसानं मात्र मांडीवर ठेवलेली मूठ, ते दुकानात पोचेपर्यंत सोडली नव्हती.

मी गल्लीत गेले. कुसुमवहिनी मला बघून हसायलाच लागल्या. मग त्यांनी सांगितलं.

आमच्या घरी होळी म्हणजे नैवेद्य आणि नारळ. पौडची होळी मला माहीत नव्हती. तिथं होळी पेटली की गडी भोवती फिरतात आणि एकेकाच्या नावानं बोंब मारतात. वर्षभराचं जे काही पोटात असतं ते त्या वेळी बोलून घ्यायचं, ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. ज्याच्या नावाची बोंब होत नाही तोच खट्टू होतो.

"सगळ्यांची नावं झाली," कुसुमवहिनी म्हणाल्या. "मास्तरांचं झालं. दवाखान्यातल्या कंपाउंडरचं झालं, तो तर आमच्याही मागून गावात आलेला. ह्यांचं झालं, पंक्चरवरून. आबांचं तेवढं कोणी घेत नव्हतं, त्यांना सगळे वचकून. मामंजी घोंगडीवर बसून ऐकत होते. शेवटी आबांना म्हणाले, 'माझं राह्यलं.' आबा म्हणाले, 'तुमचं कसं घ्यावं, पाव्हणं? तुमी म्हातारं, त्यात डोळ्यानं अधू. पाप लागंल.'"

त्यावर रामभाऊ उठले. आबांनी सवयीनं दंड धरला. रामभाऊंनी तो झटकला, पालथा हात तोंडावर नेला, आणि तुकाराम आबांच्या नावानं अशी बोंब ठोकली की आगीपाशी नाचणारे थांबले. टांगेवाल्याचा गळा तो. त्यातले बरेचसे शब्द या अंकात छापता येणार नाहीत. छापता येतील तेवढे असे होते: "तुक्याच्या बैलाला! आणि त्यो बैल म्या न्हाई! माझी येसन सोड!"

"ताई, मला वाटलं आता रात्रीच सामान बांधावं लागणार."

पहिल्यांदा हसल्या त्या हौसाबाई. पदर तोंडाला लावून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुनीतरी भेटलं ह्यांना." मग बाया हसल्या, मग गडी. आबा होळीच्या उजेडात तसेच उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग तोंडाशी पालथा हात नेऊन त्यांनी रामभाऊंच्या घोड्याच्या नावानं बोंब मारली, घोड्यावरून टांग्यावर आले, टांग्यावरून पुण्याच्या समस्त टांगेवाल्यांवर. त्यातलं काही इथं छापता येत नाही. रामभाऊ घोंगडीवरून उतरून मातीत बसले आणि पोळी मागून घेतली.

"किती खाल्ल्या?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत," कुसुमवहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसून घेतले.

आम्ही दारात बोलत होतो तेवढ्यात काठीचा आवाज आला. रामभाऊ गल्लीतून परत येत होते. तुकाराम आबा ओसरीवर होते. त्यांचा रुसवा अजून गेला नव्हता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि भिंतीलाच म्हणाले, "बगा, निगाली सवारी."

"कोन भुंकलं रं?" रामभाऊ चालता चालता म्हणाले.

हौसाबाई जात्यापाशी काही निवडत होत्या. गल्लीत एका ठिकाणी धुळवडीच्या चिखलाची घसरण झाली होती. रामभाऊ तिथं आले तशा त्या अर्ध्या उठल्या. आबांनी भिंतीकडचं तोंड न वळवता हात आडवा केला. त्या तशाच, अर्धवट उठलेल्या, थांबल्या. काठी चिखलात रुतली, निघाली, पुढं कोरडी जमीन लागली. मग हौसाबाई खाली बसल्या आणि सुपातल्या खड्यांवर राग काढायला लागल्या.

त्या दिवसापासून मी जागा बघायला गेले की एक गोष्ट जास्त बघते. विहीर, खुंट्या, मास्तर, हे सगळं झाल्यावर मी ओसरीवर बसून मनात विचारते, या माणसांशी इथं कधीतरी कोण भांडेल? उत्तर मिळालं नाही तर मी दुसरं गाव बघते. हे कारण मी कोणाला सांगत नाही, आणि विचारलं तर पाण्याचं नाव पुढे करते.

कोथरूडची खोली पुढं एका जोडप्याला दिली. त्यांना कोणी काही विचारलेलं नको होतं, ते तिथं सुखात राहिले. रामभाऊ पौडमध्येच राहिले. ते गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले आबा पुढं आले, आणि त्या वेळीसुद्धा त्यांनी रामभाऊंना एक शिवी दिली, असं दत्तोबानं मला सांगितलं.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी हौसाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले होते. रामभाऊ तिथं आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "समितीची पोरगी आली का?" मी अजून काही बोललेच नव्हते.

"आलीय," हौसाबाई म्हणाल्या. "कवाची येऊन बसलीया, तोंड मिटून. चार म्हैनं झालं, आमचा च्या पितीया आन् एक शबुद बोलत न्हाई. आमी काय खातू का हिला?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझी नजर सवयीनं फळीवरच्या कप-बशीकडे गेली. "तिकडं काय बगतीस? च्या चुलीवर हाय, भांडी पालथी घातल्यात. उठ आन् वतून घे. आन् म्हाताऱ्याला बी दे."

मी उठले. गडबडीत भांडं हातातून निसटलं आणि गडगडत गल्लीत गेलं.

"पाड," हौसाबाई म्हणाल्या. "समदं पाड."

रामभाऊ खो खो हसत होते. मी गल्लीत जाऊन भांडं उचललं, फुंकर मारून पुसलं, आणि दोन चहा ओतले.